उन्हाची जात : मुडदूस, गोषा आणि मुलींचे वयात येणे

रथसप्तमी आली की व्हॉट्सॲपवर एक संदेश ठरलेला असतो. आपल्या पूर्वजांना ड जीवनसत्त्व हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते, म्हणून त्यांनी सूर्याला अर्घ्य द्यायला सांगितले, सूर्यनमस्कार सांगितले, इत्यादी. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरांच्या ग्रुपवरही तो फिरतो आणि दहा-बारा जण त्याला हात जोडतात. आमचा त्यावर एकच प्रश्न आहे. हे ज्ञान पूर्वजांना होते, तर ते त्यांच्याच माजघरातल्या गरोदर पोरीपर्यंत का पोचले नाही?

हा प्रश्न आम्ही हवेत विचारत नाही. त्यामागे नाशिकचा पुरावा आहे.

१९२१ साली ग्लासगोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात हचिसन आणि पटेल या दोघांचा एक अभ्यास छापून आला. विषय होता नाशिक शहरातला मुडदूस. लहान मुलांची हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, छातीचा पिंजरा बसतो, तो हा आजार. युरोपात तेव्हा यावरून मोठा वाद पेटला होता. एक पक्ष म्हणे, आहारात काहीतरी कमी पडते. इंग्लंडात मेलॅन्बी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून तेच सांगत होता. दुसरा पक्ष म्हणे, उजेड कमी पडतो. बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्कीने १९१९ मध्ये अतिनील किरणांचा दिवा लावून मुले बरी करून दाखवली होती. आहाराचा सिद्धांत एकट्याने खरा असता, तर नाशिकमध्ये मुडदूस गरिबांच्या झोपडीत सापडायला हवा होता.

सापडला उलटाच. ज्यांच्या ताटात धड काही नव्हते, ज्या बाया दिवसभर उघड्यावर राबत होत्या आणि तान्हे पोर कामाच्या जागी नेऊन जवळच कुठेतरी ठेवत होत्या, त्यांच्या मुलांना मुडदूस नव्हता. तो होता खात्यापित्या घरांत. गोषा पाळणारी सुखवस्तू मुसलमान घरे आणि वरच्या वर्गातली हिंदू घरे. तिथे मुलीचे लग्न बाराव्या वर्षाच्या आसपास व्हायचे, लग्नानंतर ती आतल्या खोलीत जायची आणि पहिले मूल झाले की तिचे बाळही पहिले सहा महिने त्याच अर्धवट अंधारात काढायचे. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, हचिसनने शहा यांच्यासोबत दुसरा लेख लिहिला. तो लहानपणीच्या मुडदुसाबरोबर उशिरा होणाऱ्या मुडदुसाबद्दलही होता. उशिराचा म्हणजे वयात येताना, हाडे सर्वात वेगाने वाढत असताना होणारा. मुलीला पदर यायची वेळ आणि तिला कोंडायची वेळ एकच होती. ड जीवनसत्त्वाला हे नाव मिळाले तेही १९२२ च्याच सुमारास, अमेरिकेत मॅकॉलमकडून.

याच नाशकात अवघ्या ८-९ वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, आपल्या आयाबाया काळाराम मंदिराच्या दारात उन्हात बसल्या. ज्यांना देवाच्या दारातून हाकलले जात होते त्यांची हाडे शाबूत आणि ज्यांच्या नावाने ती दारे बंद होती त्यांच्या लेकींची हाडे मऊ, असे हे शहर होते.

आता शरीराचे गणित थोडक्यात. उन्हातले ठरावीक किरण कातडीवर पडले की शरीर ड जीवनसत्त्व तयार करते. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, भिंतीतून तर नाहीतच. ड नसेल तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जात नाही. गर्भातल्या बाळाला ड मिळते ते फक्त आईच्या रक्तातून. आईकडे नसेल तर बाळ कमतरता घेऊनच जन्मते, आणि आईच्या दुधातही ते अगदी थोडे असते. ते बाळ मुलगी असेल आणि तिला पुढेही कोंडले, तर तिच्या कटीराची, म्हणजे कमरेच्या सांगाड्याची, हाडे दबतात, बाळ बाहेर यायची वाट अरुंद होते. मग तिच्या बाळंतपणात मूल अडते. आजीच्या खोलीतला अंधार असा नातीपर्यंत येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पाळी सुरू झाली म्हणजे कटीर तयार झाले असे नाही. उंची वाढायची थांबत आली तरी कटीराचे हाड पुढची काही वर्षे रुंदावत असते. आपल्याकडच्या शास्त्र्यांनी मात्र पहिल्या न्हाणालाच घंटा मानले. ऋतू प्राप्त झाला की सोळा दिवसांच्या आत गर्भाधान, नाहीतर पाप. मुलीचे वयात येणे ही तिच्या वाढीची खूण राहिली नाही, नवऱ्याच्या हक्काचे घड्याळ झाले.

१८९१ चा संमतिवयाचा वाद याच घड्याळावरून झाला. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिच्या जवळपास तिप्पट वयाच्या नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. कायद्यात संमतीचे वय तेव्हा १० होते. ते १२ करायचे विधेयक आले आणि पुण्यात टिळकांनी 'केसरी'तून त्याविरुद्ध रान उठवले. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा मुद्दा. रा. गो. भांडारकरांनी शास्त्राच्याच आधाराने दाखवून दिले की गर्भाधान लांबवता येते, तर त्यांच्यावरही लोक तुटून पडले. या सगळ्या चर्चेत ऋतू, संस्कार, पिंड, पाप, राणीचा जाहीरनामा हे सगळे आले. मुलीच्या हाडाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

आणि हे १८९१ मध्ये पहिल्यांदा कळले असेही नाही. जोतीराव फुल्यांनी १८८४ मध्ये मलबारींच्या टिपणांवर मत देताना मुलीचे लग्न ११ वर्षांच्या आत आणि मुलाचे १९ च्या आत होऊ नये, मोडणाऱ्यावर कर बसवावा आणि तो पैसा खालच्या जातींच्या शिक्षणाला लावावा, असे सुचवले होते. ११ हे वय आज आपल्याला धक्कादायक वाटेल. पण पाळण्यात लग्ने लागत होती त्या काळात हे एका माळ्याने लिहून दिले होते, आणि दंडाचा पैसा कुठे जावा हेही सांगितले होते, हे विसरू नये.

त्या वादात एक दावा इंग्रज आणि सनातनी दोघेही करत. हिंदुस्थान उष्ण देश आहे, इथल्या मुली लवकर पिकतात, म्हणून लवकर लग्ने. हवामानावर खापर फोडले की कोणालाच काही बदलावे लागत नाही. मँचेस्टरचा एक शल्यवैद्य जॉन रॉबर्टन याने १८४० च्या दशकातच हिंदुस्थानातून आकडे मागवून हा दावा खोडला होता. मुलींच्या वयात येण्याच्या वेळेत हवामानाने म्हणतात तेवढा फरक पडत नाही, फरक आहे तो लवकर लग्न लावायच्या चालीत, असे त्याचे म्हणणे. पन्नास वर्षांनीही पुण्याच्या सभांमध्ये जुनीच कथा चालू होती. सोयीची होती ना.

ती सोय कोणाची, हे सांगितले बाबासाहेबांनी. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात त्यांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालिकाविवाह या तिन्हींचे मूळ धर्मभावनेत नव्हे, तर जातीतच लग्न करायच्या सक्तीत दाखवले. जात बंद ठेवायची तर बायका आणि पुरुष यांची संख्या जुळवावी लागते. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते, तिला जाळा किंवा मुंडन करून कोपऱ्यात बसवा. बायको मेली की पुरुष 'जास्तीचा' होतो, पण त्याला जाळता येत नाही. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून बायको आणायची. फुलमणीच्या शेजारी तिप्पट वयाचा नवरा कसा आला याचे उत्तर या हिशोबात आहे. तिला उन्हापासून दूर ठेवणारी भिंतही याच हिशोबाची. जातीची राखण बाईच्या शरीरावर करायची, तर ते शरीर बाहेर दिसता कामा नये. कोणी म्हणेल, महाराष्ट्रात ब्राह्मणांत उत्तरेसारखा गोषा कुठे होता? बरोबर. पण माजघर होते, सोवळे होते, बाळंतिणीची दारे-खिडक्या लावलेली शेगडीची खोली होती. नाव वेगळे असले तरी ऊन तिथेही पोचत नव्हते.

इथे डॉ. रखमाबाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुतार समाजातली ही मुलगी. अकराव्या वर्षी लग्न लागले. नवऱ्याने नांदायला येण्यासाठी १८८४ मध्ये दावा लावला आणि तिने जायला नकार दिला. तुरुंगात जाईन, पण जाणार नाही, ही तिची भूमिका. टिळकांचे वृत्तपत्र तेव्हाही तिच्या विरोधातच. पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला तिने आयुष्यभर बायकांची बाळंतपणे केली. १९२९ मध्ये तिने गोषा संपला पाहिजे असा लेख लिहिला. आमच्या मते त्या लेखाचे वजन या एका गोष्टीत आहे, की तरुणपणी लग्नाच्या कायद्याशी भांडलेली बाई सुमारे पस्तीस वर्षे दवाखान्यात काढून तिथून थेट पडद्यावर बोट ठेवते.

त्याच सुमारास, १९२८ मध्ये, कॅथलीन व्हॉन या डॉक्टर बाईचे गोषा आणि मातृत्व यावरचे पुस्तक आले. तिने काश्मीरमध्ये काम केले होते. श्रीनगरच्या गोषातल्या बायकांची कटीरे दबलेली, मूल अडायचे, आई मरायची. त्याच शहरात झेलमवर नावा चालवणाऱ्या हांजी बायकांची बाळंतपणे सहज व्हायची. हांजीही मुसलमानच. ज्यांना हा पुरावा मुसलमानांना झोडपायला वापरायचा असतो त्यांनी इथे थांबून विचार करावा. धर्म एकच आहे, हाडे वेगळी आहेत, कारण एक बाई राबते आणि दुसरीला राबू न देण्यात घराण्याची प्रतिष्ठा आहे. हे डॉक्टर साम्राज्याच्या नोकरीत होते, त्यांच्या लिखाणात गोऱ्यांचा तोरा आहे, हेही आम्हाला ठाऊक आहे. म्हणून मोजलेली हाडे खोटी ठरत नाहीत.

पण इथेच एक सापळा आहे. नाशिकचा अभ्यास वाचून कोणी टाळी वाजवेल : बघा, कष्टकरी बाईची हाडे कशी मजबूत, उन्हात राबणे किती चांगले! ही टाळी आपण वाजवू द्यायची नाही. आपल्या आज्या उन्हात होत्या त्या आरोग्यासाठी नव्हत्या. वेठबिगार होती, गवताचे भारे होते, रस्त्याची खडी होती, आणि नवव्या महिन्यातही कामावर न जाण्याची मुभा नव्हती. बाळ कामाच्या जागी होते कारण घरी सांभाळायला कोणी नव्हते. उन्हाने त्यांची हाडे वाचवली, पोट भरले नाही. अर्धपोटी मुलीला पाळी उशिरा येते, उंची खुंटते, रक्त कमी राहते. एका मुलीला अन्न होते पण ऊन नाही, दुसरीला ऊन होते पण अन्न नाही. दोघींनाही दोन्ही मिळू नये अशी ही व्यवस्था होती, आणि समाजसुधारणेच्या इतिहासात पान मिळाले ते बहुतेक पहिलीलाच.

दुसरी मुंबईला आली तेव्हा तिचे ऊनही गेले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने खोल्यांत उजेड यावा म्हणून इमारतींमधल्या अंतरासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियमही केला. उजेड हा कायद्याचा विषय झाला, ही मोठीच गोष्ट. पण गिरणीतल्या माणसांची गर्दी एकेका खोलीत. १९२१ मध्ये मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भके मेली, आणि एका खोलीत राहणाऱ्यांत हा आकडा ८२८ होता. (बाया बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू इकडे, त्यामुळे आकडा फुगलेला आहे. फुगवटा काढला तरी उरते ते भयंकर आहे.) गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफू देऊन झोपवत. बाबासाहेब स्वतः परळच्या अशाच ट्रस्टच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले. ही आकडेवारी त्यांच्या शेजारच्या खोल्यांची होती.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर ते उभे राहिले, ते हे पाहून. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे त्याचा भार मुळात सरकारने उचलला पाहिजे, आणि बाईच्या श्रमातून नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. 'आधी' हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. गरोदरपण ही बाईची खाजगी बाब आहे, तिने आणि तिच्या नवऱ्याने बघावे, या समजुतीला त्याने छेद दिला. गर्भातल्या बाळाच्या वाढीला समाज जबाबदार आहे असे त्या सभागृहात सांगितले जात होते. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. तो कारखान्यांपुरता होता, शेतात राबणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली.

आज शास्त्र कुठवर आले आहे? कोलंबियातल्या बोगोटा शहरात ५ ते १२ वर्षांच्या २४२ मुलींवर सुमारे ३० महिने लक्ष ठेवले गेले. ज्यांच्या रक्तात ड कमी होते त्यांच्यातल्या ५७ टक्के मुलींना त्या काळात पाळी आली, ज्यांच्यात पुरेसे होते त्यांच्यातल्या २३ टक्के मुलींना. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले. म्हणजे ड कमी असण्याचा आणि लवकर वयात येण्याचा संबंध दिसतो. तोच त्याचे कारण आहे असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. आईच्या गरोदरपणातल्या ड चा मुलांच्या वयात येण्यावर काय परिणाम होतो हा त्याच्या मागचा प्रश्न. तो धसाला लावायचा तर गरोदरपणीचे आईचे रक्त जपून ठेवावे लागते आणि मुले मोठी होईपर्यंत थांबावे लागते. डेन्मार्कने १९९६ ते २००२ दरम्यान सुमारे एक लाख गरोदरपणांची नोंद केली आणि पुढे त्यांतल्या हजारो मुलांना अकराव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी वयात येण्याच्या खुणा विचारल्या. तिथे राज्याने मुलींचे वयात येणे आरोग्य म्हणून मोजले. आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते न्यायालयात आणि धर्मसभेत मोजले जात होते, हा फरक नुसता पैशाचा नाही.

आणि ऊन? ते आता आपल्याच वस्तीत कमी पडते. दिल्लीत मोरी गेटच्या धुरकट भागातल्या बाळांच्या रक्तात ड चे प्रमाण गुडगावच्या मोकळ्या हवेतल्या बाळांच्या निम्म्याहूनही कमी होते, हे २००२ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये झोपड्या हलवून ज्या इमारती उभ्या केल्या, त्यांच्यातले अंतर ३ मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. क्षयरोगामुळे त्या इमारती चर्चेत आल्या. तिथल्या गरोदर बाईच्या रक्तातल्या ड ची चर्चा झाली नाही. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी केलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम स्वतंत्र देशात गरिबांसाठीच का सैल होतो, हे पुनर्वसनाच्या फायली मंजूर करणाऱ्यांना विचारायला हवे. गोषा पाळणाऱ्यांची वंशजे आज विसाव्या मजल्यावर सकाळच्या उन्हात योगासने करतात. सूर्यनमस्काराचे संदेश तिथूनच येतात.

शेतातली बाई अजून उन्हातच आहे. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा २०१७ मध्ये २६ आठवड्यांचा झाला, पण कोयत्याच्या उचलीवर गेलेल्या जोडप्यातल्या बाईचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. सरकारी नियमाप्रमाणे गरोदर बाईला १४ व्या आठवड्यापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा कॅल्शियमची गोळी द्यायची आहे, प्रत्येक गोळीत ड जीवनसत्त्वाची २५० एकके. ती गोळी गावच्या आरोग्य उपकेंद्रात मिळते. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो, आणि तोवर तिचे नाव एका गावच्या रजिस्टरात आणि ती दुसऱ्याच जिल्ह्याच्या फडात असते.